थबकणारी बैलगाडी

दोस्तांनो, तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना "माझं चुकलं" असं म्हणताना तुम्ही कधी ऐकलंय का? फार वेळा नसेल! आम्ही मोठी माणसं हे दोन शब्द फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून देतो आणि स्टूल कुठं ठेवलं ते विसरून जातो. त्यातून मी पडलो मास्तर. म्हणजे मग विचारायलाच नको. पण २०२४ च्या मे महिन्यात मला हे शब्द दोन दिवसांत तीन वेळा म्हणावे लागले. एकदा भाच्याला, एकदा एका दुकानदाराला आणि एकदा दाजींना. हे सगळं घडलं एका नव्याकोऱ्या संगणकापायी. त्याचीच ही हकिकत.

माझा भाचा जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. अकरावीसाठी तो परभणीला आमच्याकडे राहायला आला. अभ्यासात बरा, पण खरा नाद चित्रं हलवण्याचा. 'ब्लेंडर' नावाचा एक प्रोग्राम आहे, तो फुकट मिळतो. त्यात संगणकावर वस्तू घडवता येतात, त्यांना रंग देता येतो आणि त्यांना चालवता-पळवताही येतं. या पठ्ठ्यानं त्यात आपल्या गावाकडची बैलगाडी उभी केली होती. चाकांचे आरे, त्यावरची लोखंडी धाव, जू, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, सगळं अगदी जिथल्या तिथं! फक्त एकच अडचण होती. माझ्या जुन्या लॅपटॉपला ती गाडी ओढवत नव्हती. चार सेकंदांचं चित्र तयार व्हायला अख्खी रात्र जायची.

भाच्यानं वडिलांकडे नव्या संगणकाचा हट्ट धरला. "तयार घ्यायचा नाही, सुटे भाग आणून मी स्वतः जोडणार. तेवढ्याच पैशांत जास्त ताकदीचा होतो," असं त्याचं म्हणणं. दाजी शेतकरी माणूस. त्यांनी बारा क्विंटल सोयाबीनचे ५५ हजार रुपये बाजूला काढले, पोराच्या हातात दिले आणि एवढंच विचारलं, "जमंल ना रे तुला?"

"जमंल," तो म्हणाला.

बस्स! या एका शब्दावर ५५ हजारांचा व्यवहार झाला.

आमच्याकडे मोठी खरेदी म्हटली की जुनी माणसं आजही हैदराबादचं नाव काढतात. १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, तेव्हापासूनची ती सवय. आम्ही मामा-भाचेही रात्रीच्या गाडीनं सिकंदराबादला गेलो आणि खोकी पोटाशी धरून परत आलो.

रविवारी सकाळी बैठकीत सतरंजी अंथरली. भाच्यानं महिनाभर वही भरून टिपणं काढली होती. आधी मदरबोर्ड, म्हणजे सगळ्या भागांना जोडणारी मोठी पाटी. तिच्यावर प्रोसेसर, म्हणजे संगणकाचा मेंदू. तो केवढा असतो माहीत आहे? एखाद्या बिस्किटाएवढा! या बिस्किटाच्या डोक्यावर कूलर बसतो. कूलर म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची चकती आणि तिच्यावर पंखा. त्याला प्लॅस्टिकचे चार पाय असतात. ते मदरबोर्डच्या चार भोकांत दाबून बसवायचे. नीट बसला की प्रत्येक पाय 'टक्' असा आवाज करतो.

भाचा हलक्या हातानं दाबत होता. मला काही ते बघवेना. "सरक बाजूला, याला जोर लागतो," असं म्हणून मी पुढं झालो.

हे वाक्य लक्षात ठेवा हं. पुढं लागणार आहे.

संध्याकाळपर्यंत संगणक उभा राहिला. आमच्या आईनं त्याला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला. पडद्यावर बैलगाडी आली आणि काय सांगू, झुळझुळ चालायला लागली! आम्ही टाळ्या वाजवल्या. भाच्यानं वडिलांना फोन करून सांगितलं, "चालू झाला!"

पाचेक मिनिटांनी गाडी थबकली. मग चालली. परत थबकली. चार पावलं गेली की ठेच, चार पावलं गेली की ठेच.

आता हे थबकणं म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगतो. पडद्यावर हलणारं चित्र खरं म्हणजे हलत नसतंच. एका सेकंदात ६० वेगवेगळी चित्रं एकामागून एक दाखवली जातात आणि आपल्या डोळ्यांना वाटतं की गाडी चालली. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग येतो. प्रार्थनेला जाणारी मुलांची रांग आठवा. सगळी एका चालीनं चालली असताना मध्येच एक जण बुटाची नाडी बांधायला वाकला की अख्खी रांग अडखळते. तसंच इथं. ५९ चित्रं वेळेवर आली आणि एकच उशिरा आलं, तरी डोळ्यांना झटका जाणवतो. म्हणून संगणक 'सरासरीनं' वेगवान असूनही अडखळू शकतो.

दुसऱ्या दिवशीपासून मी डॉक्टर झालो. आणि कसा डॉक्टर? रोग्याची नाडी न बघता औषधं देणारा!

माझा पहिला संशय विजेवर. "आपल्याकडची लाइट अशीच, कमी-जास्त होते," म्हणून मी यूपीएस आणला. गाडी थबकतच होती. दुसरा संशय दुकानदारावर. मी त्याला फोन लावला आणि नको नको ते बोललो. "जुना माल नवा म्हणून गळ्यात मारलात," इथपर्यंत माझी मजल गेली. तो बिचारा म्हणत होता, "मास्टरसाब, एक बार खोल के तो देखिए." मी फोन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी मी एकाच दमात विंडोज पुसून पुन्हा घातली, ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदलला आणि सगळ्या वायरी काढून परत खोचल्या.

या गडबडीत एक गोष्ट सापडली. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डाला जोडायची, ती भाच्यानं मदरबोर्डच्या तोंडाला जोडली होती. मागच्या बाजूला दोन्ही तोंडं सारखीच दिसतात, त्यामुळे ही चूक भल्याभल्यांकडून होते. पण चित्र रंगवायला महागामोलाचं कार्ड आणायचं आणि त्याला पडद्यापासून तोडून ठेवायचं, असा तो प्रकार झाला. वायर बदलल्यावर गाडी जास्त ऐटीत चालू लागली खरी, पण पाच-सहा मिनिटांनी परत ठेच! मला मात्र आयतं कोलीत मिळालं.

"बघ!" मी ओरडलो. "एक चूक सापडली. आणखी कुठं कुठं काय करून ठेवलंस कुणास ठाऊक! बापाचे ५५ हजार पाण्यात घातलेस."

तो काहीच बोलला नाही. रात्री जेवलाही नाही. सकाळी उठून बघतो तर माळ्यावरची रिकामी खोकी खाली काढलेली. भाग परत करायचे, मिळतील तेवढे पैसे घ्यायचे आणि गावी जायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. रविवारी दाजी संगणक बघायला येणार होते. आणि उजाडला होता शुक्रवार.

या सगळ्या दिवसांत घरातली एक व्यक्ती अजिबात बोलत नव्हती. आमची धाकटी, आठवीतली. तिनं शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पानं शिवून एक वही केली होती. ती घेऊन ती भाच्यासमोर बसली आणि म्हणाली, "दादा, खोकी भरू नकोस. आज दिवसभर मी सांगते तसं कर."

ही वहीची कल्पना तिला कुठून सुचली, ते ऐकण्यासारखं आहे. तिनं कुठंतरी वाचलं होतं की, ९ सप्टेंबर १९४७ या दिवशी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क २' या खोलीभर मोठ्या संगणकात बिघाड झाला. माणसांनी शोधाशोध केली तेव्हा एका रिलेत, म्हणजे विजेच्या खटक्यात, एक पतंग अडकलेला सापडला. दिव्यावर झेपावतो ना, तसला पतंग! त्यांनी तो चिमट्यानं काढला, रोजच्या नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी लिहून ठेवलं की खराखुरा 'बग' सापडला. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची पद्धत त्याच्याही आधीची; म्हणून तर त्यांना ती गंमत वाटली. ग्रेस हॉपर या त्या संगणकावर काम करणाऱ्या गणितज्ञ बाईंनी पुढं हा किस्सा जगभर नेला. त्या पतंगासकट ते पान आजही अमेरिकेतल्या एका सरकारी संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे.

"बाबा, त्या लोकांनी आधी लिहिलं," धाकटी मला म्हणाली. "तुम्ही आधी रागावलात."

मी पेपर तोंडासमोर धरला.

तिचे नियम अगदी साधे होते. एक, परीक्षा दर वेळी तीच घ्यायची. तीच बैलगाडी, तोच रस्ता. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन, जे दिसेल, जे ऐकू येईल ते लिहायचं. आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही. मी तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. फरक पडला असता तरी तो कशामुळे पडला, हे मला कधी कळलं असतं का?

दिवसभरात वहीत अशा नोंदी झाल्या. सकाळी ६ वाजता: गाडी ११ मिनिटांनी थबकली. दुपारी ३ वाजता: ३ मिनिटांनी. रात्री ९ वाजता: ६ मिनिटांनी. संगणक सुरू केल्या केल्या: एकदाही नाही. अर्धा तास बंद ठेवून परत सुरू केल्यावर: पहिली काही मिनिटं ठीक. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग दिसतो, तोही तिनं लिहिला होता. सुरुवातीला ४.१, थबकताना २.३, मग १.८, परत ३.९, परत १.८.

आणि एक नोंद आजीच्या नावावर होती. आजी शेजारी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "त्याचा पंखा कामून एवढा बोंबलायलाय गं? दम लागल्यासारखं करायलंय ते." धाकटीनं तेही लिहिलं: 'थबकायच्या आधी पंख्याचा आवाज वाढतो. (आजी)'

शनिवारी सकाळी दोघं वही घेऊन बसले. मीही हळूच मागं जाऊन उभा राहिलो. आता तुम्हीच सांगा, दुपारी लवकर थबकतो, पहाटे उशिरा. विश्रांती दिली की ताजातवाना. थबकण्याआधी पंखा ओरडतो. कशाचा संशय येतो?

"ऊन!" दोघं एकदम ओरडली.

बरोबर! परभणीचा मे महिना तुम्हांला सांगायला नको. आमच्या कृषी विद्यापीठात मोजलेलं तापमान रोज पेपरात येतं आणि ४२-४३ चा आकडा वाचून आम्ही "आज जरा बरं आहे" असं म्हणतो. पण नुसत्या उन्हानं हे होत नाही. गावात इतरांचे संगणक चाललेच होते की! एक फुकटचा प्रोग्राम घालून प्रोसेसरचं तापमान बघितलं, तर आकडा चढत चढत १०० वर जाऊन टेकला. तिथं पोचला की गाडी थबकायची.

प्रोसेसरचं असं असतं बघा. वेग ४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. एवढं काम केलं की उष्णता होणारच. कूलर ती शोषून घेतो आणि पंखा ती बाहेर फेकतो. उष्णता बाहेर पडलीच नाही तर प्रोसेसर जळून जाईल. म्हणून साधारण १०० अंशांच्या आसपास तो स्वतःच आपला वेग एकदम कमी करतो. जरा थंड झाला की परत पळतो, परत तापतो, परत थांबतो. भर उन्हात नांगराला जुंपलेला बैल जसा मध्येच उभा राहतो ना, तसा. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते आपला जीव वाचवत होतं! आपल्या पुण्यात 'आयसर' या संस्थेत २०१९ साली बसवलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक थंड ठेवायला तर पंखे पुरत नाहीत. त्याच्या प्रोसेसरांजवळून नळ्यांतून द्रव खेळवतात.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. धाकटीनं खात्री करायची युक्ती काढली. पेटीचं एका बाजूचं झाकण उघडलं आणि समोर घरातला टेबलफॅन लावला. बाकी काही बदलायचं नाही. दुपारचे ३ वाजले होते. तीन मिनिटं झाली, पाच झाली, आठ झाली. गाडी चालतच राहिली. नवव्या मिनिटाला थबकली. म्हणजे रोग उष्णतेचाच, हे ठरलं. पण मग कूलर आपलं काम का करत नव्हता?

भाच्यानं संगणक बंद केला, भिंतीतली पिन काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पेटीच्या पत्र्याला हात लावला आणि टॉर्च घेऊन आत वाकला. कूलरच्या चार पायांवर त्यानं एकेक बोट ठेवलं. पहिला घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा घट्ट.

चौथा हलला.

चौथा पाय भोकात गेलेला दिसत होता, पण त्याचा 'टक्' झालाच नव्हता. त्यामुळे कूलर एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहिला होता. एका पायानं लंगड्या पाटावर बसलं की कसं होतं? तसा तो प्रोसेसरवर टेकला होता, पण पुरता बसला नव्हता. मधल्या फटीत हवा, आणि हवा काही उष्णता नीट पुढं जाऊ देत नाही.

बैठकीत कुणीच बोलेना. भाच्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तसं बघायची गरजच नव्हती. "सरक बाजूला, याला जोर लागतो." हे वाक्य कुणाचं होतं?

गेले सहा दिवस मी वीज मंडळाला बोल लावला, दुकानदाराला लावला, पोराला लावला. सगळ्यांवर संशय घेतला. ज्या दोन हातांनी तो कूलर बसवला होता, त्या हातांवर मात्र एकदाही नाही.

मी त्याच्या शेजारी सतरंजीवर बसलो. "माझं चुकलं रे," मी म्हणालो. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फारच जड गेलं. तो खाली मान घालून म्हणाला, "वायर मीच चुकीची लावली होती, मामा." मी म्हणालो, "लावली होतीस, आणि विचारल्यावर लगेच कबूलही केलीस. मी तर शोधायचीच टाळाटाळ केली."

पुढचं काम पाऊण तासाचं. कूलर एकदा काढला की मधला राखाडी लेप पुन्हा वापरता येत नाही, म्हणून भाचा स्टेशन रोडला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला आणि थर्मल पेस्टची छोटी नळी घेऊन आला. जुना लेप पुसून काढला. प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा नवा ठेवला. मग चारही पाय समोरासमोरच्या तिरक्या जोडीनं दाबले. टक्, टक्, टक्, टक्. या वेळी दाबणारे हात त्याचे होते आणि मी टॉर्च धरून उभा होतो. संध्याकाळपर्यंत बैलगाडी दोन तास चालली. तापमान ७४ च्या वर गेलं नाही. आजी म्हणाली, "आता कसं गप चाललंय!"

दुकानदाराला मी तेव्हाच फोन केला. "होता है मास्टरसाब," असं म्हणून तो हसला. मला जास्त लाज वाटली.

आणि रविवारी दाजी आले. भाच्यानं त्यांना गाडी चालवून दाखवली. मग मी सगळी हकिकत सांगितली, माझ्या ओरडण्यासकट. पोरगं खोकी भरायला निघालं होतं, हेही सांगितलं. दाजी थोडा वेळ पडद्यावरच्या बैलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बैल लंगडायला लागला की आम्ही आधी खूर उचलून बघताव. लगेच बाजार नाही दाखवत त्याला." आणि मग पोराला, "जू जरा खाली घे रे. बैलाच्या मानेला काचंल."

तुमच्यापैकी कुणी संगणक जोडला आणि तो असाच अडखळायला लागला तर? आमच्या वहीच्या शेवटच्या पानावरचा क्रम देतो. पहिल्या दिवशी घाबरू नका. विंडोज मागच्या बाजूनं बरीच कामं उरकत असते, तिला ती उरकू द्या. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डालाच आहे ना, बघा. पडद्याचा सेकंदाला चित्रं दाखवायचा आकडा विंडोजमध्ये बरोबर निवडलाय का, बघा. रॅमच्या पट्ट्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच आहेत का, तपासा. मग तापमान. एवढं करून भागलं नाही तर ड्रायव्हर आणि बायोस. २०२२ साली एका मोठ्या प्रोसेसर कंपनीनं स्वतःच जाहीर केलं होतं की, काही संगणकांतलं थबकणं मदरबोर्डवरच्या या मूळ प्रोग्राममुळे होतं. तो बदलल्यावरच ते थांबलं. मात्र बायोस बदलताना मध्येच लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून यूपीएस हवा आणि शेजारी जाणतं माणूस हवं. पेटी उघडण्याआधी पिन काढायला विसरायचं नाही.

आणि हो, एक वही हवी. आमची वही धाकटीनं जपून ठेवली आहे. पतंग काही सापडला नव्हता, म्हणून तिनं शेवटच्या पानावर कूलरच्या पायाचं चित्र काढलंय. त्याखाली तिच्या अक्षरात तीन ओळी आहेत:

दोष: कूलरचा चौथा पाय वर.

शोधला: दादा.

बसवला होता: बाबा.

तिसरी ओळ खोडायला मी तिला सांगितलेलं नाही.